जीर्णोद्धार पुलाचा

इसवी सन १९८६ मधील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन पुलावरील चार लोहमार्गांपैकी उत्तरेकडचे दोन लोहमार्ग दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले. लाखो उतारूंची गैरसोय झाली, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना बोल लावण्यात आला. त्यानंतर काही आठवड्यांनी, ५ जुलै रोजी, ऐन पावसाळ्यात, आमच्या पणजीला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मॅनहॅटन पुलाचे वय त्या वेळी शहात्तर वर्षांचे होते. आमचा पूल जेमतेम सोळा वर्षांचा होता. न्यूयॉर्कचा तो वृद्ध पूल आजही उभा आहे आणि त्याच्यावरून आजही आगगाड्या धावत आहेत. आमचा तरुण पूल नदीच्या तळाशी गेला, आणि तेव्हा संघप्रदेश असलेल्या या चिमुकल्या गोव्याचे उत्तर व दक्षिण असे दोन तुकडे पुन्हा फेरीबोटींच्या भरवशावर आले.

पूल वयाने पडतो, अशी आपली एक सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती खरी नव्हे. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लिन्हारिशचा पूल सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकातला. त्याच्यावरून आजही वाहने जातात. तो दगडाचा आहे, त्याच्या पोटात गंजायला पोलाद नाही, हे खरेच. तेव्हा त्याची तुलना आधुनिक पुलांशी ओढूनताणून करण्यात अर्थ नाही. परंतु पोलादी पूलही वयाने मरत नाहीत, हे दाखवून देणारी उदाहरणे जगात आहेत, आणि त्यांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण या मॅनहॅटन पुलाचे आहे. ज्या पुलाच्या मूळ रचनेतच दोष होता, ज्याच्यावर सोसवेल त्याहून अधिक भार वर्षानुवर्षे लादला गेला, ज्याच्याकडे त्याच्या मालकांनी पिढ्यान्पिढ्या पाठ फिरवली, असा पूलही मनावर घेतले तर वाचविता येतो. मात्र त्यासाठी केवढी किंमत मोजावी लागते, हेही त्याच उदाहरणावरून कळते.

झुलता पूल आणि आगगाडी यांचे फारसे जमत नाही. झुलत्या पुलात दोन उंच मनोऱ्यांवरून तारांचे प्रचंड दोर सोडलेले असतात, त्यांची टोके दोन्ही तीरांवरील अवजड चौथऱ्यांत जखडलेली असतात, आणि त्या दोरांना उभ्या तारांनी पुलाचा तळ टांगलेला असतो. ही सारी रचना मुळातच लवचिक. भार पडेल तिथे ती वाकते आणि भार सरकला की पूर्ववत होते. माणसे, घोडागाड्या, मोटारी यांचे ओझे पुलावर विखुरलेले असते, त्यामुळे ते तिला सहज पेलते. आगगाडीचे तसे नाही. तिचे वजन एका ठिकाणी एकवटलेले असते, आणि ते वेगाने पुढे सरकत असते. म्हणून रेल्वेचे अभियंते झुलत्या पुलापासून चार हात दूरच राहिले. नायगारा नदीवर जॉन रोबलिंग यांनी १८५५ साली आगगाडीसाठी झुलता पूल बांधून दाखविला तेव्हा युरोपातील भल्याभल्या तज्ज्ञांनी तोंडात बोटे घातली होती.

नायगाराच्या त्या पुलाची पुढची कथा जीर्णोद्धाराच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. त्याच्या कैच्या लाकडाच्या होत्या. पंचवीसएक वर्षांत लाकूड कुजले आणि गाड्यांचे वजन वाढले. तेव्हा लेफर्ट बक या अभियंत्याने लाकडी कैच्या काढून त्यांच्या जागी पोलादी कैच्या बसविल्या. पुढे १८८६ मध्ये दगडी मनोरे काढून पोलादी मनोरे उभे केले. आणि हे सर्व आगगाड्यांची ये-जा चालू असताना! देवालयाचा जीर्णोद्धार करताना आपल्याकडे देवतेचे तेज विधिपूर्वक कलशात घेतात, त्या कलशाची नित्यपूजा चालू ठेवतात आणि मगच गाभाऱ्याला हात लावतात. उपासना एक दिवसही खंडित होऊ द्यायची नाही, हा त्यामागील भाव. पुलाच्या जीर्णोद्धाराचे मर्मही हेच आहे. पूल म्हणजे नुसते पोलाद नव्हे. त्याच्यावरून अखंड चालणारी वाहतूक हा त्याचा प्राण होय.

मॅनहॅटन पूल ३१ डिसेंबर १९०९ रोजी खुला झाला. त्याचा मधला गाळा १,४७० फुटांचा, म्हणजे सुमारे ४४८ मीटर लांबीचा. त्याला चार मुख्य दोर आहेत आणि प्रत्येक दोरात ९,४७२ तारा आहेत. लिओन मोइसीफ या अभियंत्याने त्याच्या आकडेमोडीत एक नवे गणित वापरले. लांब झुलत्या पुलाला त्याच्या स्वतःच्या वजनामुळेच पुष्कळशी स्थिरता येते, तेव्हा कैच्या पूर्वीइतक्या जाडजूड करण्याचे कारण नाही, असे त्या गणिताचे सार. पूल सडपातळ झाला, सुंदर झाला आणि पोलादाची बचत झाली. गणित चुकीचे नव्हते. परंतु त्याच्यावर किती भिस्त ठेवावी याला मर्यादा होती. याच मोइसीफ यांच्या हातचा टॅकोमा येथील पूल १९४० साली खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्याच्या झोतात पिळवटून कोसळला.

मॅनहॅटन पुलावर वाऱ्याने घात केला नाही. तिथे घात झाला तो लोहमार्गांच्या जागेमुळे. मधोमध रस्ता ठेवून दोन लोहमार्ग एका कडेला आणि दोन दुसऱ्या कडेला टाकले गेले. १९१५ पासून भुयारी रेल्वेच्या गाड्या त्यांच्यावरून जाऊ लागल्या. एका कडेने गाडी आली की पुलाची ती बाजू खाली जाई. समोरून दुसऱ्या कडेने गाडी आली की ती बाजू दबे. काही फुटांचा हा हेलकावा दिवसातून शेकडो वेळा होई. ओला कपडा पिळावा तसा पूल पिळला जात होता. जाड तार हाताने पुनःपुन्हा वाकविली तर ती अखेर तुटते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पोलादी तुळयांचे तेच झाले. १९६७ साली उत्तरेकडचे लोहमार्ग एका नव्या बोगद्याला जोडण्यात आले आणि त्या बाजूला दक्षिणेपेक्षा कितीतरी अधिक गाड्या धावू लागल्या. आधीच कमरेत वाकलेल्या माणसाच्या एकाच खांद्यावर सगळी गाठोडी द्यावीत, तशातला हा प्रकार. तुळयांना भेगा पडल्या आणि जोड गंजले.

हे न्यूयॉर्ककरांना दिसत नव्हते काय? दिसत होते. पण शहराची तिजोरी रिकामी होती. १९७५ साली तर न्यूयॉर्कवर दिवाळे निघण्याची पाळी आली होती. पैसे कमी पडू लागले की राज्यकर्ते पहिली कात्री लावतात ती देखभालीला. कारण रंग न दिलेला पूल उद्याच पडत नाही, आणि मतदार रंगाच्या डब्याकडे पाहून मत देत नाहीत. शिवाय पुलाचा मालक एक आणि त्याच्यावरून गाड्या चालविणारी संस्था दुसरी. खर्च कोणी करायचा, हा वाद असतोच. अशा कारभाराचे फळ न्यूयॉर्कने १९७३ च्या डिसेंबरातच चाखले होते. शहराच्या पश्चिमेकडील उंचावरच्या महामार्गाचा एक भाग कोसळला, आणि तोही दुरुस्तीसाठीच डांबरमिश्रित खडी घेऊन निघालेल्या मालमोटारीच्या भाराने! बैल गेला अन् झोपा केला, ही आपली म्हण. इथे झोपा करायला निघालेला गाडाच बैलाच्या अंगावर गेला.

अमेरिकेला खरी जाग आणली ती त्याआधीच्या एका भीषण अपघाताने. ओहायो नदीवरचा ‘सिल्व्हर ब्रिज’ हा १९२८ सालचा झुलता पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी, नाताळच्या खरेदीच्या दिवसांत, संध्याकाळच्या गर्दीत क्षणार्धात नदीत गेला आणि ४६ माणसे दगावली. साखळीच्या एका कडीत जेमतेम अडीच मिलिमीटरची चीर होती. ती कोणाला दिसली नव्हती. त्यानंतर तिथे सर्व महत्त्वाच्या पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचा दंडक घालण्यात आला. मॅनहॅटन पुलासारख्या जुन्या पुलांची दुखणी कागदावर आली ती अशा तपासण्यांमुळे. रोग कागदावर आला की तो झाकून ठेवणे कठीण जाते. तपासणीचे खरे महत्त्व यातच आहे.

मॅनहॅटन पुलाच्या जीर्णोद्धाराला १९८२ साली हात घातला गेला. १९८६ ते २००४ अशी अठरा वर्षे त्याच्या दोन बाजूंपैकी एक बाजू बंद ठेवून दुसऱ्या बाजूने गाड्या चालविण्यात आल्या. आधी उत्तर बाजू बंद, मग १९८८ च्या डिसेंबरापासून दक्षिण बाजू बंद, मग २००१ साली पुन्हा उत्तर बाजू बंद. १९९० मध्ये दक्षिण बाजू घाईने उघडण्यात आली. परंतु तपासनीसांना दोष आढळताच वर्षअखेरीस ती पुन्हा बंद करावी लागली. नाचक्की झाली. पण नाचक्की पत्करून दार लावणारे कारभारी, प्रतिष्ठेपायी दार उघडे ठेवणाऱ्यांपेक्षा शतपटीने बरे. अखेर २२ फेब्रुवारी २००४ रोजी चारही लोहमार्ग एकदम सुरू झाले. ब्रुकलिनच्या दक्षिण भागात त्या अठरा वर्षांत जन्मलेले मूल शाळा संपवून मोठे झाले, तरी त्याने चारही मार्गांवरून गाड्या धावताना पाहिल्या नव्हत्या. एवढ्यावरही काम संपले नाही. पुढे आणखी एका टप्प्यात पुलाच्या सर्व उभ्या तारा बदलण्यात आल्या आणि मुख्य दोरांवरील वेष्टन नव्याने घालण्यात आले.

त्याच नदीवरील विल्यम्सबर्ग पुलाची हकीकत याहूनही बोलकी आहे. १९०३ साली तो खुला झाला तेव्हा त्याचा मधला गाळा जगातील झुलत्या पुलांत सर्वांत लांब होता. त्याचे मुख्य अभियंते तेच लेफर्ट बक, ज्यांनी नायगाराचा पूल चालत्या गाड्यांखाली नवा केला. परंतु या पुलाच्या दोरांतील तारांना जस्ताचा मुलामा दिला गेला नाही. त्या वेळी थोडे पैसे वाचले. पुढे आठ दशके त्या दोरांना गंज खात राहिला. १९८८ च्या एप्रिलमध्ये तपासनीसांचे अहवाल पाहून तो पूल मोटारींना आणि गाड्यांना तडकाफडकी बंद करावा लागला. पाडून नवा बांधावा काय, यावर मोठी चर्चा झाली. नव्या पुलासाठी दोन्ही तीरांवरची दाट वस्ती उठवावी लागली असती, आणि रेल्वे वर्षानुवर्षे बंद राहिली असती. दोरांत अद्याप पुरेसे बळ शिल्लक आहे, असा तज्ज्ञांचा निर्वाळा मिळाला आणि जीर्णोद्धाराचा निर्णय झाला. दोर उकलून, तेल घालून, पुन्हा बांधण्यात आले. आमच्या किनाऱ्यावरचा नाखवा पावसाळ्यात होडी वर ओढून तिच्या तळाला तेल चोपडतो. त्याला हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठाने दिलेले नाही. खारे पाणी काय करते, हे त्याला त्याच्या बापाने शिकविले आहे.

प्रत्येक जुना पूल वाचवावाच, असा आमचा आग्रह नाही. नायगाराचा तो पूलही अखेर १८९७ मध्ये काढावा लागला, कारण गाड्यांची वजने त्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. रामेश्वराला जाणारा १९१४ सालचा पांबन पूल हा झुलता पूल नव्हे, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यानेही शतकाहून अधिक काळ आगगाड्या वाहून नेल्या; २०२२ च्या डिसेंबरात त्याच्यावरील वाहतूक थांबविण्यात आली आणि २०२५ साली शेजारी नवा पूल खुला झाला. वेळीच निवृत्त करणे हाही सन्मानच आहे. वाचवायचे की निरोप द्यायचा, हे ठरविण्यासाठी मात्र पुलाची नाडी रोज कोणीतरी पाहत असले पाहिजे.

लिस्बनमधील तागूस नदीवरील झुलत्या पुलाचे नाव गोमंतकीयांच्या जुन्या पिढीला परिचित असेल. १९६६ साली तो खुला झाला तेव्हा त्याला सालाझार यांचे नाव होते. गोवा त्या वेळी मुक्त होऊन पाच वर्षे होत आली होती. १९७४ च्या २५ एप्रिलच्या क्रांतीनंतर हुकूमशहाचे नाव उतरले आणि क्रांतीच्या दिवसाचे नाव चढले. त्या पुलावर पुढेमागे आगगाडी न्यावी लागेल, हे मूळ आराखड्यातच धरलेले होते. १९९० च्या दशकात त्याच्यावर जुन्या दोरांच्या जोडीला नवे दोर चढविण्यात आले, कैच्या बळकट करण्यात आल्या, आणि १९९९ मध्ये खालच्या मजल्यावरून गाड्या सुरू झाल्या. आधी बळ वाढविले, मग भार दिला. न्यूयॉर्कने केले होते ते याच्या नेमके उलट.

आणि आता आपल्या देशाकडे वळू. गुजरातेतील मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर २०२२ च्या ऑक्टोबरात थाटात खुला करण्यात आला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, १३५ माणसांचे प्राण घेऊन तुटला. त्याच्यावरून आगगाडी जात नव्हती. सणाच्या सुट्टीत फिरायला आलेली बायकामुले होती. चौकशीत काय आढळले? पायांखालचा तळ नवा होता, चकचकीत होता. ज्यांच्यावर तो टांगला होता ते जुने दोर तसेच ठेवले होते. एका दोरातील ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या. म्हणजे जे लोकांना दिसते ते बदलले आणि ज्याच्यावर लोकांचे प्राण अवलंबून होते ते बदलले नाही. याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. कळसाला सोन्याचा पत्रा ठोकायचा आणि पाया खचू द्यायचा, अशातलीच ही गोष्ट.

गोव्यात झुलता रेल्वे पूल नाही. परंतु मांडवी आणि झुवारी या दोन्ही नद्यांवरून कोकण रेल्वे धावते, शेजारून महामार्गाचे पूल जातात, आणि या सर्वांना तीच खारी हवा आणि तोच चार महिन्यांचा पाऊस झेलावा लागतो. १९८३ साली खुल्या झालेल्या जुन्या झुवारी पुलावर जड वाहनांना बंदी घालावी लागली होती, हे आपण विसरलेलो नाही. २०१७ च्या मे महिन्यात सांवर्डे-कुडचडे येथील पोर्तुगीजकालीन पादचारी पूल माणसांसह नदीत कोसळला. तो वापरासाठी बंद होता; पण बंद करण्यापलीकडे त्याचे काही केले गेले नव्हते. ना डागडुजी, ना विसर्जन. त्याआधीच्या वर्षी, २०१६ च्या ऑगस्टात, महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतील पूल पुरात वाहून गेला, आणि कोकणच्या वाटेवरच्या दोन एस.टी. बसगाड्या उतारूंसह त्या काळोखात गेल्या. दर वेळी चौकशी झाली, हळहळ झाली, आणि मग नव्या पुलाचे भूमिपूजन झाले.

नवे पूल हवेत. त्यांना आमचा विरोध असण्याचे कारण नाही. मांडवीवर आज तीन पूल आहेत, झुवारीवर नवा भव्य पूल झाला आहे, आणि त्यांचा गोमंतकीयांना अभिमान वाटतो तो रास्तच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या दिवशी पूल खुला होतो त्याच दिवसापासून तो जुना होऊ लागतो. म्हणून पूल बांधण्याच्या खर्चातच त्याच्या आयुष्यभराच्या देखभालीची तरतूद वेगळी काढून ठेवली पाहिजे, आणि अंदाजपत्रकात तूट आली तरी त्या रकमेला कोणी हात लावता कामा नये. दरेक पुलाची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी, आणि तिचा अहवाल कपाटात न ठेवता लोकांसमोर यावा. कोणत्या पुलावर किती भार चालेल, शेवटची दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी होणार, हे जाणण्याचा अधिकार त्याच्यावरून रोज पोरेबाळे घेऊन जाणाऱ्या माणसाला आहे. आणि एखादा पूल बंद करण्याची वेळ आली तर फेरीबोटींची व्यवस्था आधी सिद्ध असावी, म्हणजे गैरसोयीच्या भयाने अभियंत्याला सत्य गिळावे लागणार नाही.

या शेवटच्या मुद्द्यात आम्हा वृत्तपत्रांचा आणि वाचकांचाही भाग आहे. पूल बंद झाला की आपण ओरडतो. तो उघडा राहिला आणि पडला तर मग रडतो. ज्या अधिकाऱ्याने धोका ओळखून वेळीच वाहतूक थांबविली, त्याचे कौतुक करणारा एक तरी अग्रलेख कोणी लिहिला आहे काय? न्यूयॉर्ककरांनी अठरा वर्षे शिव्याशाप दिले, वाट वाकडी करून कामावर गेले, पण कारभाऱ्यांनी पूल अर्धवट उघडा टाकला नाही. त्या अठरा वर्षांच्या त्रासाचे मोल आज रोज त्या पुलावरून सुखरूप जाणाऱ्या लाखो माणसांच्या रूपाने मिळत आहे. असे मोल दिसत नाही. कारण जो अपघात झालाच नाही, त्याची बातमी होत नाही.

मिरगाच्या आधी घराची शाकारणी करायची, हे आमच्या आजी-आजोबांना कोणी परिपत्रक काढून सांगितले नव्हते. कौले परतली नाहीत तर पहिल्याच सरीला घर गळेल, हे त्यांना ठाऊक होते. घर आपले आहे असे त्यांना वाटत होते, हेच त्याचे कारण. पूलही आपलाच आहे. तो सरकारचा आहे असे आपण मानत राहिलो, तर तो पडेल तेव्हा मात्र त्याच्यावर आपलीच माणसे असतील.